लाख कोटीतला एक भाग

ऑलिंपिक स्पर्धांच्या जलतरण तलावात साधारण २५ लाख लिटर पाणी मावतं. त्यात एखाद्या रसायनाची अडीच मिलिग्रॅमची कणी टाकली, म्हणजे एका तिळाच्या वजनाइतकी किंवा त्याहूनही थोडी कमी, आणि ती सगळ्या पाण्यात सारखी मिसळली, तर दर लिटरमागे त्या रसायनाचा एक नॅनोग्रॅम येतो. अर्थसंकल्पाच्या दिवशी ‘लाख कोटी’ हा शब्द आपल्या कानावर सतत पडत असतो. त्या लाख कोटी भागांतला हा एक भाग. हे पाणी पिऊन, हुंगून, उजेडात धरून कुणालाही काही कळणार नाही. साठ-सत्तरच्या दशकांत तर प्रयोगशाळेतल्या यंत्रांनाही ते सहजासहजी कळत नव्हतं.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या खडकांवर डॉग व्हेल्क नावाचा एक शंख राहतो. लांबी दोन-तीन सेंटिमीटर, खाणं शिंपले आणि खडकांना चिकटून राहणारे बार्नॅकल नावाचे जीव. त्याला मात्र हे कळलं. कळलं म्हणजे काय झालं, तर त्याच्या माद्यांना नराचं लिंग फुटलं.

समुद्राबद्दल बोलताना आपल्या सगळ्यांच्या मनात एक हिशोब ठाण मांडून बसलेला असतो. समुद्र अफाट आहे, त्यात काय टाकलं ते विरून जातं, आणि त्यातले जीव इतके अगणित आहेत की थोडे मेले तरी फरक पडत नाही. गटाराचं तोंड खाडीत सोडणाऱ्या नगरपालिकेपासून बोटीवरून रिकामी बाटली भिरकावणाऱ्या पर्यटकापर्यंत सगळे याच हिशोबावर चालतात. या हिशोबातला पहिला आकडा खोटा नाही. पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांत मिळून सुमारे १३३ कोटी घन किलोमीटर पाणी आहे. एका घन किलोमीटरमध्ये बरोबर लाख कोटी लिटर मावतात. पण नेमकी इथेच गोम आहे. लिटरला एक नॅनोग्रॅम हे प्रमाण गाठायला एक घन किलोमीटर पाण्यात किती रसायन लागेल? एक किलो. एवढी मोठी खाडी, आणि एक किलो! आणि सगळ्या महासागरांना त्या पातळीवर आणायचं झालं तर १३३ कोटी किलो, म्हणजे तेरा लाख टन. या तेरा लाख टनांकडे पुढे यायचं आहे.

त्या शंखांना बाधलेल्या रसायनाचं नाव ट्रायब्युटिलटिन, थोडक्यात टीबीटी. कथिलाचं सेंद्रिय संयुग. जहाज पाण्यात उभं राहिलं की काही आठवड्यांत त्याच्या बुडाला बार्नॅकल, शिंपले, शेवाळ चिकटायला लागतं. बूड खडबडीत झालं की जहाज जड चालतं आणि इंधन जास्त खातं. ही तक्रार माणसाने पहिली होडी पाण्यात लोटली तेव्हापासूनची आहे, आणि त्यावर तांब्याच्या पत्र्यापासून डांबरापर्यंत सगळं करून झालं होतं. साठच्या दशकात टीबीटी मिसळलेला रंग आला आणि जहाजमालकांचा प्रश्न जणू सुटला. रंग हळूहळू झिजत राही, प्रत्येक थराखालून ताजं विष बाहेर येई, आणि बूड वर्षानुवर्षं स्वच्छ राही. चिकटू पाहणाऱ्या जिवाला मारणं हेच त्या रंगाचं काम होतं, आणि ते तो चोख करत होता. फक्त जहाजाच्या बुडापाशी येऊन थांबणं त्याला जमत नव्हतं.

पहिला मोठा फटका फ्रान्समध्ये बसला. बोर्दो शहराच्या नैर्ऋत्येला आर्काशाँची खाडी आहे, कालवांच्या शेतीसाठी नावाजलेली. तिथे वर्षाला दहा ते पंधरा हजार टन कालवं निघत. उन्हाळ्यात त्याच खाडीत हौशी लोकांच्या हजारो छोट्या बोटी नांगरून असत, आणि त्यांच्या बुडाला हाच रंग. १९७७ पासून तिथे कालवांची पिल्लं धरेनाशी झाली. अंडी फुटत, अळ्या बाहेर येत आणि काही दिवसांत मरून जात. जी मोठी कालवं होती त्यांच्या शिंपा भलत्याच वाढायला लागल्या. एकावर एक थर, थरांच्या मध्ये पोकळ्या, पोकळ्यांत चिकट पाणी. चपटं असायला हवं ते कालव गोळ्यासारखं फुगायचं आणि आत मांस नावापुरतं. बाजारात कोण घेणार? १९८१ पर्यंत उत्पादन तीन हजार टनांवर आलं.

संशोधक क्लोद अल्झिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोटींच्या रंगावर बोट ठेवलं. फ्रान्सने १९८२ च्या जानेवारीत २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर हा रंग लावायला बंदी घातली. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त थक्क करणारी गोष्ट हीच वाटते, की पुरावा शंभर टक्के हाती येण्याची वाट न पाहता एका देशाने निर्णय घेतला आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात खाडीत पुन्हा पिल्लं धरली. ब्रिटनने अशीच बंदी १९८७ मध्ये घातली. पुढे मोजमाप सुधारलं तेव्हा कळलं, की कालवाची शिंप बिघडायला लिटरला दोन नॅनोग्रॅमच्या आसपास टीबीटी पुरतं.

डॉग व्हेल्कची कथा याच्याही आधी सुरू झाली होती, फक्त ती कशाची कथा आहे हे कुणाला उमगलेलं नव्हतं. १९७० मध्ये प्लिमथजवळच्या माद्यांमध्ये नराचे अवयव दिसल्याची नोंद झाली. १९७१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुसऱ्याच एका शंखात तेच दिसलं. निसर्गातली एक विचित्र गोष्ट म्हणून ते कागदावर राहिलं. मग प्लिमथच्याच ब्रायन आणि गिब्ज या संशोधकांनी १९८६ मध्ये शंख, बंदरं आणि रंग यांचा धागा जोडला. बंदराच्या जवळ विकृती जास्त, लांब गेलं की कमी.

ही विकृती कशी चढत जाते ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी मादीच्या डोक्याच्या उजव्या बाजूला, स्पर्शिकेच्या मागे, एक लहानसा उंचवटा येतो. पाण्यात लिटरला एक नॅनोग्रॅमही टीबीटी नसताना इथपर्यंत मजल जाते. मग लिंग वाढतं, आणि त्याच्याबरोबर वीर्य वाहून नेणारी नळी तयार होऊ लागते. ही नळी शरीरावरून सरकत सरकत मादीच्या जननद्वारापर्यंत पोचते आणि तिथे ऊती वाढून ते दारच बुजवून टाकते. प्रमाण पाच नॅनोग्रॅमच्या घरात गेलं की इथवर वेळ येते. मादीच्या पोटात अंड्यांच्या कुप्या तयार होतच राहतात, कारण अंडाशय ठीक असतं. बाहेर पडायला वाट नसते. त्या आत साठत जातात आणि अखेर मादी मरते.

शिवाय या शंखाच्या अळ्या पाण्यावर तरंगत लांब जात नाहीत. खडकाला चिकटवलेल्या कुप्यांमधून थेट बारीक शंख बाहेर पडून सरपटू लागतात. त्यामुळे एका खडकावरच्या माद्या संपल्या की शेजारच्या खाडीतून कुणी येऊन ती जागा भरत नाही. इंग्लंडच्या बंदरांजवळचे कित्येक खडक असे रिकामे झाले.

हे होतं कसं, हे कोडं बरीच वर्षं सुटलं नव्हतं. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की टीबीटीचा रेणू शंखाच्या पेशींतल्या एका ग्राहीमध्ये नेमका बसतो. हा ग्राही खरा ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या एका आम्लाचा. तेच आम्ल सुईने टोचलं तरी माद्यांना लिंग फुटलं. म्हणजे टीबीटी हे इथे नेहमीसारखं विष नव्हतंच, तो शरीराला मिळालेला एक खोटा हुकूम होता. हुकुमाला वजन लागत नाही, म्हणून नॅनोग्रॅम पुरले. आतापर्यंत दोनशेहून अधिक जातींच्या शंख-गोगलगायींमध्ये ही विकृती सापडली आहे. त्यांत आपल्या किनाऱ्यावरचेही आहेत. ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’ या शंखाच्या माद्यांमध्ये ती आढळल्याचं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलं. जिथे जहाजं येतात-जातात, रंगवली जातात, दुरुस्त होतात, तिथे हे होणारच होतं.

आता त्या तेरा लाख टनांकडे वळू. पीसीबी या नावाने ओळखली जाणारी रसायनं १९३० च्या आसपासपासून कारखान्यांत बनू लागली. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात, रंगांत, यंत्रांत ती वापरली जात, कारण ती पेटत नाहीत आणि विघटनही पावत नाहीत. सत्तरच्या दशकापासून एकेका देशाने त्यांवर बंदी आणली. तोवर जगाने एकूण किती पीसीबी बनवलं असेल याचा अंदाज आहे सुमारे तेरा लाख टन. योगायोगाने हा तोच आकडा आहे. ते सगळंच्या सगळं समुद्रात ओतून ढवळलं असतं, तरी दर लिटरला फक्त एक नॅनोग्रॅम आलं असतं. प्रत्यक्षात सगळं समुद्रात गेलेलं नाही. म्हणजे ‘विरून जातं’ या हिशोबाने समुद्र आज जवळजवळ स्वच्छ असायला हवा.

संशोधक ॲलन जेमिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेच्या तळाशी सापळे सोडून पकडलेल्या ॲम्फिपॉडवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. हे कोळंबीचे दूरचे नातेवाईक, वरून पडेल ते मेलेलं मांस खाऊन जगणारे. ते सापडले सव्वादहा हजार मीटरपर्यंतच्या खोलीवर, जिथे उजेड नाही, जिथे आजवर फार थोडी माणसं पोचली आहेत. त्यांच्या शरीरात पीसीबी होतं. किती होतं? चीनमधल्या ल्याओ ह या अतिप्रदूषित नदीच्या पाण्यावर पिकणाऱ्या भातखाचरांतल्या खेकड्यांमध्ये जेवढं सापडलं होतं, त्याच्या पन्नास पटींपर्यंत.

हे असं होण्याचं कारण साधं आहे. पीसीबीला पाण्यात राहायला आवडत नाही. ते चरबीत शिरतं, गाळाच्या आणि सेंद्रिय कणांच्या अंगाला चिकटतं. वरच्या थरात एखादा सूक्ष्म जीव ते गोळा करतो, त्याला दुसरा खातो, त्याला तिसरा. प्रत्येकाच्या चरबीत ते उरत जातं, कारण शरीराला ते मोडता येत नाही. मग ते प्रेत, ती विष्ठा, तो कचरा खाली पडत राहतो आणि गर्तेच्या उभ्या भिंती त्याला एकाच जागी आणून सोडतात. समुद्र पातळ करतो हे खरं, पण समुद्रातले जीव तेच पुन्हा घट्ट करतात. लाख कोटी लिटरमध्ये विरघळवलेली वस्तू ते एका शरीरात गोळा करून दाखवतात. त्याच मारियाना गर्तेतून २०१४ मध्ये मिळालेल्या ॲम्फिपॉडच्या एका नव्या जातीच्या आतड्यात प्लास्टिकचा तंतू सापडला. बाटल्या ज्याच्या बनतात त्या पीईटीशी तो मिळताजुळता होता. २०२० मध्ये तिचं नामकरण झालं तेव्हा शास्त्रज्ञांनी तिला ‘युरिथेनिस प्लास्टिकस’ असं नाव दिलं. जीव विज्ञानाला माहीत व्हायच्या आधीच आपला कचरा त्याच्या पोटात पोचला होता.

तेव्हा ‘विरून जातं’ हा भाग सोडून देऊ. उरतो दुसरा भाग, की जीव अगणित आहेत.

पॅसिफिक कालवाची मादी एका वेळी पाच ते दहा कोटी अंडी सोडते. पन्नास मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये वीस अंडी ओळीने बसतील. एवढी उधळण असल्यावर कालवांची काय काळजी करायची? पण अंडं फलित झाल्यापासून पहिल्या दोन दिवसांत त्या अळीला आपली पहिली शिंप उभी करावी लागते. तिला अजून नीट खाता येत नाही, अंड्यातून मिळालेली शिदोरी तेवढी गाठीला असते. त्या शिदोरीच्या जोरावर ती पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढते, आणि अठ्ठेचाळीस तासांत तिच्या वजनाचा सुमारे नव्वद टक्के भाग शिंपेचा होतो. पाण्यात कार्बोनेट मुबलक असेल तर हे काम स्वस्तात होतं. कमी असेल तर त्याच कामाला जास्त शक्ती लागते, आणि शिंप पुरी व्हायच्या आत शिदोरी संपते. कोट्यवधी असल्या तरी प्रत्येकीला हे एकटीनेच पार पाडायचं असतं, आणि पाणी सगळ्यांना एकच.

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात नेटार्ट्स खाडीवर व्हिस्की क्रीक नावाचं कालवांच्या अळ्या पुरवणारं केंद्र आहे. पश्चिम किनाऱ्यावरचे कालव-शेतकरी त्याच्यावर अवलंबून असतात. २००७ मध्ये तिथल्या टाक्यांमध्ये अळ्या मरायला लागल्या आणि २००८ मध्ये तर उत्पादन कोसळलं. पहिला संशय गेला जिवाणूंवर. ते गाळून काढायची यंत्रणा बसवली, जिवाणू गेले, तरी अळ्या मरतच राहिल्या. मग केंद्राचे ॲलन बार्टन आणि ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीचे बर्क हेल्स यांनी टाकीत येणारं पाणीच तपासलं.

कारण हवेत होतं. माणूस हवेत जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र शोषतो. वर्षाला सुमारे एक हजार कोटी टन. दिवसाला पावणेतीन कोटी टन. हे वाक्य वाचायला जेवढे सेकंद लागले, त्यातल्या प्रत्येक सेकंदाला तीनशे टन. पाण्यात गेलेला हा वायू कार्बोनिक आम्ल बनवतो, आणि त्यातून सुटणारे हायड्रोजनचे आयन कार्बोनेटला पकडून बसतात. शिंपेचा कच्चा मालच कमी होतो. औद्योगिक क्रांतीच्या आधी समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू, म्हणजे पीएच, ८.२ च्या आसपास होता, आज तो ८.१ च्या आसपास आहे. दशांश चिन्हापुढचा एक आकडा. वर्तमानपत्रात असा फरक छापला तर कुणी दोनदा वाचणार नाही. पण सामूची पट्टी दहाच्या पटीने चढते. ०.१ ने सामू उतरला म्हणजे हायड्रोजनचे आयन सुमारे २६ टक्क्यांनी वाढले. एवढा मोठा बदल एवढ्या लहान आकड्यामागे दडून राहतो, याचं मला फार वाईट वाटतं. पट्टी निवडणाऱ्यांचा काही दोष नाही, रसायनशास्त्राला तीच सोयीची. पण लोकांना कळायला हवं होतं ते त्यात झाकलं गेलं.

ऑरेगनच्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट घडते. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याच्या जागी खोलातलं थंड पाणी वर येतं. खोलातल्या पाण्यात आधीच कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, कारण तिथे वरून पडलेलं सगळं कुजत असतं. हे नेहमीचंच, हजारो वर्षांचं. त्यात आता आपला वाटा मिसळलेला आहे, आणि त्या जास्तीच्या भारानेच मर्यादा ओलांडली जाते. व्हिस्की क्रीकच्या टाक्यांत नेमकं हेच पाणी शिरत होतं. तिथल्या लोकांनी मग वाऱ्यावर आणि पाण्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. खाडीतल्या पाणवनस्पतींनी दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढून घेतल्यावर, दुपारनंतर टाक्या भरायच्या. येणारं पाणी सतत मोजायचं, आणि आम्लता वाढली की त्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा मिसळायचा. अळ्या पुन्हा जगायला लागल्या. टाकीत हे करता येतं. उघड्या खाडीत नाही.

खोलातलं पाणी वर येण्याचा प्रकार आपल्या किनाऱ्यालाही नवा नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर अरबी समुद्राचं खालचं पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ तळावर चढतं, आणि ते जवळजवळ प्राणवायूविना असतं. वर नद्यांच्या गोड्या पाण्याचं झाकण बसलेलं असतं, त्यामुळे हवेतला प्राणवायू खाली पोचत नाही. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात या पट्ट्याबद्दल लिहिलं. त्याचा विस्तार साधारण १ लाख ८० हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक. मूळ प्रकार निसर्गाचा, पण जमिनीवरून वाहून येणाऱ्या नायट्रोजनमुळे तो तीव्र होत असावा अशी त्यांची मांडणी होती. बाजारात तिसऱ्या, खुबे, कालवं घेताना आपण त्या जिवांना पळता येत नाही याचा विचार करत नाही. मासा कडेने निघून जातो. गाळात रुतलेला शिंपला आणि कृमी जिथे आहेत तिथेच जे पाणी येईल ते घेतात.

पळता येणाऱ्यांचीही गत पाहा. अलास्काजवळच्या पूर्व बेरिंग समुद्रात स्नो क्रॅब नावाचे खेकडे राहतात. त्यांच्या पिल्लांना तळाशी दोन अंशांपेक्षा थंड पाणी लागतं. २०१८ मध्ये त्यांची संख्या प्रचंड फुगलेली होती. मग सलग दोन वर्षं पाणी तापलं, आणि २०२१ च्या पाहणीपर्यंत दहा अब्जांहून अधिक खेकडे नाहीसे झाले होते. आज पृथ्वीवर जेवढी माणसं आहेत त्याहून जास्त. २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने त्याचं कारण सांगितलं: उपासमार. खेकड्याचं रक्त थंड, पाणी तापलं की शरीराची भट्टी जोरात पेटते. एका वर्षात त्या सगळ्या खेकड्यांची अन्नाची एकूण गरज चौपट झाली होती, आणि त्यांची जागा मात्र आक्रसली होती. मोठ्या संख्येने इथे त्यांना वाचवलं तर नाहीच, उलट तीच त्यांच्या जिवावर उठली. थोडे असते तर कदाचित पोट भरलं असतं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथली स्नो क्रॅबची मासेमारी इतिहासात प्रथमच पूर्ण बंद ठेवावी लागली.

२०२१ च्या जूनमध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर उष्णतेची लाट आली. त्या दिवसांत ओहोटी ऐन दुपारी होती. उघड्या पडलेल्या खडकांचं तापमान पन्नास अंशांवर गेलं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे क्रिस हार्ली यांनी मेलेले शिंपले, बार्नॅकल, शंख मोजून अंदाज बांधला, की तिथल्या सेलिश समुद्राच्या किनाऱ्यावर एक अब्जाहून अधिक जीव त्या काही दिवसांत भाजून मेले. आणि त्याच्याही आधी, २०१३ पासून, मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत सूर्यफूल तारामासे विरघळू लागले होते. चोवीसपर्यंत हात असलेला, मीटरभर रुंद होणारा हा शिकारी. हात गळून पडत आणि शरीराचा चिखल होई. गेले साधारण पावणेसहा अब्ज, एकूण संख्येच्या नव्वद टक्क्यांवर. रोगाचं कारण बारा वर्षांनी, २०२५ मध्ये सापडलं, एक जिवाणू. पाणी तापलं तिथे रोगाचा जोर जास्त होता. तारामासे गेल्यावर उत्तर कॅलिफोर्नियात त्यांचं भक्ष्य असलेल्या जांभळ्या समुद्री साळूंची संख्या साठ पट झाली आणि त्यांनी केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाची नव्वद टक्क्यांहून जास्त जंगलं फस्त केली. साळूसुद्धा त्याच अगणित जिवांपैकी. संख्या वाढली म्हणजे बरं झालं, असंही नाही.

हे अब्जांचे आकडे मोठे आहेत, पण मला नॅनोग्रॅमची गोष्ट जास्त मोलाची वाटते, कारण तिला पुढचा भाग आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये टीबीटीच्या रंगावर जगभर बंदी घालणारा करार मंजूर केला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो लागू झाला. युरोपात पाण्यातल्या टीबीटीची वार्षिक सरासरी मर्यादा लिटरला ०.२ नॅनोग्रॅम ठरली. कायद्याने एवढ्या बारीक प्रमाणापर्यंत खाली उतरून एका शंखाची बाजू घेतली, हे मला अभिमानास्पद वाटतं. नॉर्वेच्या किनाऱ्यावर १९९१ पासून डॉग व्हेल्क तपासले जात होते. बंदीच्या आधी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी विकृत माद्या सापडत. २०१७ मध्ये एकाही ठिकाणी सापडली नाही. बंदरांच्या गाळात अजून टीबीटी आहे, गाळ उपसला की ते पुन्हा पाण्यात येतं. पण शंख परतले. टीबीटीच्या जागी आलेल्या रंगांतलं सायब्युट्रिन हे रसायन प्रवाळांच्या आतल्या शैवालांचं प्रकाशसंश्लेषण थांबवतं, हे लक्षात आल्यावर त्यालाही त्याच करारात ओढलं गेलं. २०२३ च्या सुरुवातीपासून तेही बंद.

जहाजाच्या बुडावरचा रंग खरवडून काढता येतो. कार्बनच्या बाबतीत वेळेचा हिशोब वेगळा आहे. ऑरेगनच्या किनाऱ्याला वर येणारं पाणी हवेपासून तुटून खाली जातं ते साधारण पन्नास वर्षांपूर्वी. २००८ मध्ये व्हिस्की क्रीकच्या अळ्या ज्या पाण्यात मेल्या, ते हवेला शेवटचं भिडलं होतं १९६० च्या सुमारास. हवाईच्या मौना लोआवर कार्बन डायऑक्साइडची सलग मोजणी १९५८ मध्ये सुरू झाली, तेव्हा दर दहा लाख भागांत त्याचे ३१५ भाग होते. आता ते ४२० च्या वर आहेत. या हवेखालून आज जे पाणी बुडतंय, ते त्या किनाऱ्याला २०७० च्या दशकात लागेल, आणि तोवर जगातली शेवटची चिमणी विझलेली असली तरी त्यातला कार्बन त्यात असणारच आहे.